तकरार नाही, शिकायत आहे

माझ्या पिको-फॉलच्या मशीनसमोर खिडकी होती आणि खिडकीसमोर आमच्या गल्लीचा नळ. इतकी चांगली बैठक मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. लोक तिकीट काढून नाटकाला जातात आणि खांबाआड बसतात. मला साडीला फॉल लावता लावता पहिली रांग होती, आणि मध्यंतर माझ्या मर्जीने.

गल्ली छावणीच्या अलीकडे. अर्धी मराठी बोलणारी, अर्धी दखनी. भांडणात मात्र सगळ्यांना दोन्ही भाषा यायच्या. पैठणचं धरण भरलं की पेपरात त्याचा फोटो यायचा. आम्ही तो कौतुकाने बघायचो आणि रिकामे हंडे पुसून ठेवायचो. पाणी कधी येणार हे फक्त लाइनमनला माहीत असायचं, आणि माझा संशय असा की त्यालाही ते व्हॉल्व्ह फिरवल्यावरच कळायचं.

अशा नळावर राज्य करायचं म्हणजे गंमत नव्हे. ते खाला करायची.

खाला कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. साठीच्या पुढची, माझ्या खांद्याला कशीबशी लागणारी, नाकात चमकी, गालात पान. नवरा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. तो गेला, पण जाताना फुंकर हिच्याकडे ठेवून गेला असावा. ती नळापाशी उभी राहून "लाइन" एवढंच म्हणायची आणि गल्लीच्या टोकाला झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून भिंतीला लागून बसायचं.

तिचा कायदा सोपा होता. पहिल्या फेरीत प्रत्येक घराला पिण्याचे दोन हंडे. सगळ्यांचे भरले की दुसरी फेरी धुण्याभांड्यांची. जनावरं तिसऱ्या फेरीत. बाळंतीण किंवा आजारी माणूस असलेल्या घराला रांग नाही, त्यांनी सरळ पुढे यायचं. कुणी घरात ताप आहे म्हटलं, तर खाला पान थुंकून त्या घरात जायची आणि स्वतः कपाळाला हात लावून यायची. एकदा एका धडधाकट दिराचा ताप तिने असा दारातच उतरवला होता.

या कायद्याला विरोध एकाच बाईचा. ती सोयगावकडून आलेली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मेंढरं गावी राहिली, पण शहरात येताना तिने चार शेळ्या आणि सगळा ताठा बरोबर आणला होता. आम्ही तिला शेळ्यावाली म्हणायचो. जनावरं तिसऱ्या फेरीत, हे तिला कधीच पटलं नाही. "शेळी दूध देती," ती म्हणायची, "ही माणसं काय देत्यात?" यावर खालाचं उत्तर ठरलेलं असायचं: शेळीला मत असतं तर तिलाही पहिल्या फेरीत घेतलं असतं. दोघी रोज भांडायच्या आणि शेळ्या रोज तिसऱ्या फेरीत प्यायच्या. म्हणजे सगळं सुरळीत होतं.

मग आमच्या नगरसेवकांनी आम्हाला दुसरा नळ दिला.

नगरसेवकांना सगळे भाऊ म्हणायचे. मूळचा धंदा मंडप डेकोरेशनचा. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी मयत झाली तर न सांगता खुर्च्या आणि ताडपत्री पाठवायचा आणि भाडं विचारलं तर रागवायचा. त्याचा एकच रोग होता. मंडपाबरोबर माइकही घरचाच असल्यामुळे तो माइकशिवाय कुठे जायचाच नाही. गटारावरचं झाकण बसवलं तरी भाषण. आणि माइक हातात आला की समोर कोण आहे, आपण काय बोलतोय, याचं भान सुटायचं. लोक हसले की आणखी सुटायचं.

दुसऱ्या नळाच्या उद्घाटनाला मांडव आला, झालर आली, नळाला झेंडूची माळ घातली गेली. भाऊंनी रिबीन कापली, तोटी फिरवली आणि तोटीतून फुस्स करून हवा आली. टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागून खालाचा सवाल आला. नल तो आ गया भाऊ, पानी कब आएगा?

सवाल वाजवी होता. उत्तर नव्हतं. आणि भाऊंच्या हातात माइक होता.

"बघा, बघा," भाऊ म्हणाले. "आमच्या नळापेक्षा खालांची धार मोठी. यांनाच पाइप जोडू. अख्खा वॉर्ड भागंल."

गल्ली हसली. माझ्यासकट हसली, कारण वाक्य चांगलं जमलं होतं, आणि मी जमलेल्या वाक्याला दाद देणारी बाई आहे. खाला हसली नाही. तिने पदर सारखा केला आणि घरी गेली.

पुढच्या पाण्याला नेहमीप्रमाणे ती नळावर आली. शेळ्यावाली पहिल्याच फेरीत बादली घेऊन पुढे घुसत होती. खालाने तिला मागे व्हायला सांगितलं. शेळ्यावालीने वळून तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "खाला, पाइप कुठं जोडू?"

रांग खो खो हसली, आणि हसता हसता मोडली. मी खिडकीतून पाहिलं. खालाने दोनदा तोंड उघडलं. पण तिच्या प्रत्येक शब्दाला आता कुणीतरी पाइप म्हणत होतं आणि त्यावर हसू फुटत होतं. इतकी वर्षं जो आवाज कायदा होता, तो एका विनोदाने करमणूक झाला. त्या दिवशी ज्याचं मनगट जाड त्याने पाणी भरलं. शेळ्या पहिल्यांदा पोटभर प्यायल्या.

शेळ्यावालीचं राज्य दोनच पाण्यांपुरतं टिकलं. तिसऱ्या पाण्याला कोपऱ्यावरचा हॉटेलवाला हातगाडीवर ड्रम लावून आला. त्याच्याबरोबर दोन गडी. ड्रम भरेपर्यंत पाणी गेलं. शेळ्यावालीने त्याला सोयगावच्या ठेवणीतल्या शिव्या दिल्या, पण त्या ऐकायला त्याला वेळ नव्हता. ती रिकामी बादली घेऊन माझ्या खिडकीखालून गेली. पोरं मात्र खालाच्या दारावरून जाताना तोंडाने फुस्स असा आवाज काढायला शिकली होती. खाला नळावर यायची बंद झाली. तिची सूनच हंडे घेऊन यायची आणि अर्धे रिकामे घेऊन जायची.

एका दुपारी खाला माझ्याकडे आली, शिवायला काही न घेता. स्टुलावर बसली. तिने विचार पक्का करून आणला होता.

"मेरेकू उसकी कुर्सी नक्को," ती म्हणाली. "माइक में बोल्या ना? माइक मेंच वापस लेना. गल्ली के सामने. बस."

मी मराठी लिहू शकते आणि तोंडाने कुणाला ऐकत नाही, या माझ्या दोन गुणांसाठी ती आली होती. मला तर कुणी रंगमंचावर बोलावल्यासारखंच वाटलं. मशीनवर कापड झाकून मी निघाले.

वॉर्ड ऑफिसातला कारकून मानेत रुमाल खोचून बसला होता. मी त्याला विचारलं, नगरसेवकांनी लोकांशी कसं वागावं याचे काही नियम असतील ना?

"म्हणजे आचारसंहिता," तो म्हणाला.

"तेच."

"ती उठली, बाई. निकाल लागला त्या दिवशीच उठली."

"मग आता?"

"आता पुढच्या निवडणुकीला लागेल."

खालाने मला विचारलं तो काय म्हणतोय. मी सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि कारकुनाला अगदी भोळेपणाने विचारलं, म्हणजे तोपर्यंत काही पण बोलता येतं का? कारकून म्हणाला, तसं नाही. मग छताकडे बघत म्हणाला, तसं म्हणजे, व्हय.

तरी माणूस नियमाचा होता. तक्रार आली की नोंदवायलाच हवी. त्याने छापील कागद काढला. त्यावर रकाने होते: पाणी, गटार, पथदिवे, मोकाट जनावरे, इतर. नगरसेवक नेमके कशात बसतात याचा आम्ही दोघांनी मिळून विचार केला. त्याचं पेन पाण्यावरून गटारावर आलं, तिथून पुढे सरकलं आणि मोकाट जनावरांपाशी जरा जास्तच रेंगाळलं. मी काही सुचवलं नाही. शेवटी त्याने 'इतर'वर खूण केली आणि विषय लिहिला: अपशब्द मागे घेणेबाबत. सरकारी मराठीचं हे मला फार आवडतं. कुठल्याही आगीच्या शेवटी 'बाबत' लावलं की तिची राख होते.

यथावकाश सुनावणीचं बोलावणं आलं. खाला ठेवणीतली शाल घालून निघाली. मी तर आदल्या दिवसापासून भाषण पाठ करत होते. त्यात भाऊंचा आवाज, खालाचा आवाज आणि हवेने फुस्स करणारा नळ, तिन्ही मी काढणार होते. साहेबांच्या खोलीच्या दाराशी शिपायाने मला अडवलं. मी खालाची कोण? शेजारी, असं मी म्हटलं. शेजाऱ्यांनी बाहेर बसायचं, तो म्हणाला. मला आयुष्यात अनेकांनी गप्प बसायला सांगितलं आहे, पण इतक्या थोडक्यात कुणी नाही.

त्या खोलीला अर्धं दार होतं, वर-खाली उघडं, मध्येच फळी. मी बाकावरून वाकले तर आतल्या सगळ्यांचे फक्त पाय दिसत होते. साहेबांचे बूट टेबलाखाली रिकामे आणि पाय त्यांच्याबाहेर आराम करत असलेले. भाऊंचे पांढरे बूट. खालाच्या चपला, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. पंखा इतका वाजत होता की शब्द ऐकू येत नव्हते. आत काय बोलणं झालं ते मला पुढे दोन्ही बाजूंनी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढची गंमत वाया जाईल.

साहेब नुकतेच बदलून आले होते, पुण्याकडचे. सज्जन गृहस्थ. त्यांनी कागद वाचला आणि अदबीने विचारलं, "बाई, नगरसेवकांबद्दल आपली तक्रार आहे का?"

आता आपल्या मराठीत तक्रार म्हणजे जे सांगायला आपण ऑफिसात जातो ते. खालाच्या बोलीत तकरार म्हणजे भांडण, तोंडातोंडी, वाद. तिच्या दृष्टीने या परक्या माणसाने भर कचेरीत तिला विचारलं होतं की बाई, तुम्ही भांडखोर आहात का? शाल घालून आलेल्या बाईने याला काय उत्तर द्यावं?

"तौबा," खाला म्हणाली. "मेरी किसी से तकरार नईं. इस उमर में मैं तकरार करूँगी?"

साहेबांनी तरीही पुन्हा एकदा विचारलं, नक्की ना? नक्की, खाला म्हणाली, गल्लीत कुणालाही विचारा. भाऊ तर आधी चकित झाले आणि मग गहिवरले. साहेबांनी कारकुनाला सांगितलं की अर्जदाराची तक्रार नाही, प्रकरण निकाली काढा. आणि खालाकडे वळून हसून म्हणाले, झालं आजी, निकाली काढलं.

खालाने ऐकलं: निकाला.

बाहेरून मला एवढंच दिसलं की पांढरे बूट पुढे सरकले, वाकले, आणि भाऊंचे दोन्ही हात खालाच्या चपलांना लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. न्याय झाला असं मला वाटलं.

खाला बाहेर आली ती मान खाली घालून. रिक्षात बसली. मग म्हणाली, "निकाल दिये बेचारे कू."

मी म्हटलं, पदावरून? ती म्हणाली, साहेबाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. जाता जाता पाया पडला गं. आणि तिने रुमाल डोळ्यांना लावला. मी कधीच म्हटलं नव्हतं काढा म्हणून, असं ती घरी पोहोचेपर्यंत म्हणत राहिली.

आमच्याकडे खांबावरचा दिवा बदलायला दोन दिवाळ्या जातात, आणि नगरसेवक चहा निवायच्या आत काढला? मला शंका यायला हवी होती. पण बातमी इतकी देखणी होती की शंका घेऊन तिला कशाला मळवायचं. त्या संध्याकाळी पिकोला आलेल्या प्रत्येकीला मी पायांचा प्रसंग पाय दाखवून सांगितला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत दोन निकाल फिरत होते. दखनी अर्ध्यात: खालाने भाऊंना निकाल दिया. मराठी अर्ध्यात, शेळ्यावालीच्या तोंडून: खालानं तक्रार मागं घेतली. तिला हे भाऊंच्या मंडपावरच्या गड्याने सांगितलं होतं. दोन्ही बाजू आपल्या माहितीवर ठाम. एकाच गोष्टीसाठी खालाला नळाच्या एका बाजूला लोक वचकून सलाम करत होते आणि दुसऱ्या बाजूला घाबरट म्हणत होते. पलीकडच्या आळीतला एक होतकरू गृहस्थ तर सकाळपासून पांढरे कपडे घालून दिसेल त्याला नमस्कार करत सुटला होता. जागा रिकामी झाली असं त्याच्याही कानावर गेलं होतं.

खालाला राहवेना. तिने शेवया केल्या, डब्यात भरल्या आणि मला घेऊन भाऊंच्या घरी निघाली. माणूस गेल्यावर भेटायला जातात तशी. भाऊ घरी नव्हते. त्यांची आई ओसरीवर लसूण सोलत बसली होती. खाला तिच्याशेजारी बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, बहन, मैंने निकालने कू नईं बोली थी. कुर्सी तो मैंने माँगीच नईं.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. भाऊंना काढलं, मी खालच्या आवाजात सांगितलं. म्हातारीने लसूण सोडला आणि पदर तोंडाला लावला. पोरगं सकाळी जेवून गेलं, मला कळू दिलं नाय, असं म्हणून ती रडायला लागली. खालाही रडायला लागली. दोघी इतक्या मनापासून रडत होत्या की मलाही बाजूला उभं राहणं अवघड झालं. मी थोडी रडले. लसूणही होताच समोर.

भाऊ आले ते याच दृश्यात. आधी त्यांना वाटलं वडील गेले. वडील तर मागच्या खोलीत झोपले होते. मग कळलं की गेलेत ते स्वतःच.

"कुणी काढलं मला?" भाऊ ओरडले. "कुणाच्या बापाला काढता येत नाय. तिथं लिहिलंय. खालांची तक्रार नाही. प्रकरण निकाली."

हे दोन शब्द एकापाठोपाठ कानावर पडले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मग मी ओसरीवर उभी राहून, जे भाषण मला कचेरीत करू दिलं नव्हतं ते केलं. साहेब झाले, खाला झाले, तक्रार कशी तकरार झाली आणि निकाली कसं निकाला झालं, ते आवाज बदलून दाखवलं. भाऊंच्या आईला दोनदा करून दाखवावं लागलं. दुसऱ्यांदा ती हसली.

खाला हसली नाही. तिने डबा आपल्याकडे ओढून घेतला.

"मतलब, निकाले नईं?"

"नाय," भाऊ म्हणाले.

"तकरार मेरी थीच नईं," ती म्हणाली. "शिकायत है. तो शिकायत का क्या हुआ?"

भाऊंनी आईकडे पाहिलं. आई लसणाकडे पाहत होती. मला सांग, म्हातारी भाऊंना म्हणाली, तू काय बोलला होतास यांना? भाऊ म्हणाले, काही नाही गं, गंमत. काय गंमत, म्हातारीने विचारलं. भाऊंना आईपुढे ते वाक्य उच्चारता आलं नाही. माइकवर जे सहज जमलं होतं, ते ओसरीवर जमेना. मग मीच सांगितलं, त्यांच्या आवाजात. म्हातारीने उत्तर म्हणून डब्यातल्या शेवया वाटीत काढून घेतल्या आणि खालाला म्हणाली, येईल तो.

भाऊंना यायचंच होतं, पण दुसऱ्या कारणाने. होतकरू गृहस्थाचे नमस्कार आता चार गल्ल्यांत पोचले होते. आपण आहोत त्याच जागी आहोत, हे भाऊंना जाहीर करायचं होतं. म्हणून एका संध्याकाळी पुन्हा मांडव आला, झालर आली, माइक आला. बरोबर आई आली. मुलावर तिचा भरवसा उरला नव्हता. ती खुर्ची घेऊन पुढेच बसली.

भाऊ दोन्ही भाषांत बोलले. मी कुठेही गेलेलो नाही. मेरेकू किसी ने नईं निकाल्या. विरोधकांनी भाषेचा गैरफायदा घेतला. दोन्ही अर्ध्यांनी टाळ्या वाजवल्या. खाला सगळ्यांत मागे भिंतीला टेकून उभी होती. भाऊंनी जय म्हणून माइक ठेवायला घेतला, तेव्हा ती पुढे आली. नुसती समोर उभी राहिली. भाऊंची आई खुर्चीवर सावरून बसली. आता सुटका नव्हती. भाऊंनी घसा साफ केला, माइक तोंडाशी नेला आणि म्हणाले, खालांना मी...

आणि लाइट गेली.

भाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी माइकवर टिचक्या मारल्या, फुंकर मारली, हताश झाल्यासारखी मान हलवली. एवढा मोठा कलावंत आमच्या वॉर्डात आहे हे मला तेव्हा कळलं. "खाला, तुमची अट माइकची," ते म्हणाले. "आता माझा इलाज नाय. पुढच्या वेळी."

ते मांडवातल्या स्टेजवरून उतरले आणि नळाने खाकरल्यासारखा आवाज केला. झेंडूची वाळलेली माळ अजून अंगावर असलेला तो नवा नळ. आधी हवा, मग तांबूस चिखल, मग पाणी. चांगलं मनगटाएवढं. लाइनमनने मुहूर्त पाहिला होता की काय कोण जाणे.

गल्ली घरांत पळाली आणि भांड्यांसकट परत आली. हंड्यावर हंडा, कोपरावर कोपर. आणि कोपऱ्यावरून ड्रमची हातगाडी खडखडत निघालेली दिसली. शेळ्यावालीने ती सगळ्यांत आधी पाहिली. तिने बादली खाली ठेवली आणि खालाकडे वळली.

"खाला, लाइन लाव," ती म्हणाली.

खालाने हाताची घडी घातली. ती हलली नाही. बोट न दाखवता भाऊंकडे नुसती हनुवटीने खूण केली.

शेळ्यावालीला दोन्हीकडचा हिशोब एका क्षणात कळला. ती गर्दीतून भाऊंकडे गेली. भाऊ आपली गाडी कुठल्या बाजूने गाठावी हे बघत होते. "भाऊ, घ्या की मागं," ती म्हणाली. "शब्दच हाय ना? हंडा हाय का त्यो, उचलंना व्हायला?"

मग सगळ्याच बायका. दादा, आटपा. भाऊ, पाणी चाललं. भैय्या, जल्दी बोलो ना. अशी एकमुखाने झालेली मागणी भाऊंच्या कारकिर्दीत दुसरी नसेल. ते पुन्हा स्टेजवर चढले. हातात मेलेला माइक तसाच. तो तोंडाशी धरून बोलले आणि ओठ हललेले दिसले, एवढंच.

"ऐकू नाय आलं," खुर्चीवरून त्यांची आई म्हणाली.

भाऊंनी माइक खाली केला. त्यांचा बिनमाइकचा आवाज गल्लीने तोपर्यंत ऐकलाच नव्हता. बारीक होता, उशिरा शाळेत आलेल्या पोरासारखा. खालांना मी जे बोललो ते बोलायला नको होतं, मी ते मागे घेतो, असं ते म्हणाले. दखनी अर्ध्यातून आवाज आला की आमच्यात बोला, पुन्हा घोळ नको. गेल्या खेपेचा अनुभव ताजा होता.

"मैं खाला कू जो बोल्या, गलत बोल्या," भाऊ म्हणाले. "वापस लिया."

"वहाँ तक गया क्या?" खालाने गल्लीच्या टोकाकडे पाहून विचारलं.

टोकाला कुणीतरी नाही म्हणालं. भाऊंनी डोळे मिटले, पोटातून हवा घेतली आणि असे ओरडले की हातगाडीवाले दोघे गडी जागीच थांबले. टोकावरून उत्तर आलं: आया, आया.

मग खाला नळापाशी गेली. पान थुंकली. काय म्हणाली ते मी खिडकीतून ऐकलं नाही, कारण मी तेव्हा खिडकीत नव्हते. हंडा घेऊन धक्काबुक्कीत होते. पण माझ्या पुढची बाई मागे सरकली, मी मागे सरकले, माझ्यामागची सरकली, आणि बघता बघता भांडी भिंतीला लागली. हॉटेलवाल्याला तिने विचारलं, तुझ्या ड्रममधलं कोण पितं? गिऱ्हाईक, तो म्हणाला. मग गिऱ्हाइकाला पाठव, ती म्हणाली, त्याचे दोन हंडे देते. हातगाडी वळून गेली. शेळ्यावाली आपली बादली आणि शेळ्या घेऊन कुरकुरत शेवटी जाऊन उभी राहिली. जाताना म्हणालीच, "पहिली फेरी माणसाची, म्हणं. माणसं बघा."

भाऊंची गाडी रांगेच्या पलीकडे उभी होती. ते कपाळ पुसत निघाले. माझा हंडा आणि मागचीची कळशी यांच्यामध्ये पाय टाकायला जागा होती. तिथून पलीकडे जायला म्हणून त्यांनी पांढरा बूट उचलला.

"भाऊ," खाला म्हणाली. आवाज चढवला नाही. "इधर से नईं. लाइन टूटती. पीछे से घूम के जाव."

बूट हवेतच थांबला. भाऊंनी रांगेकडे पाहिलं. ती गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती. मग आईकडे पाहिलं. म्हातारी खुर्चीत बसून पाणी बघत होती. भाऊंनी पाय खाली ठेवला, माइकची वायर हातावर गुंडाळत सगळ्या हंड्यांच्या कडेने चालत गेले, शेवटी चार शेळ्यांना वळसा घातला आणि पलीकडे आले.